नऊ नंबरची चकती

१

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये गयाबाईंचा खोकला सगळ्यांच्या ओळखीचा होता. दोन तुटक ठसके, मग एक लांब ओढलेला, आणि शेवटी ‘हं’. समोरच्याचं म्हणणं एकदाचं पटावं, तसा तो ‘हं’ असायचा. तळमजल्यावरचा वाणी त्यावरून गिऱ्हाइकांना हसवायचा, वरच्या मजल्यावरची पोरं त्याची नक्कल करायची, आणि गयाबाई कधी चार दिवस लेकीकडे गेल्या तर सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यांचा मुलगा मिलिंद संध्याकाळी कामावरून आला की पहिल्या वळणावर, नकळत, जिना चढायचा थांबे. वरून खोकला ऐकू आला की पुढची पायरी चढे. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. गयाबाईंनी सोळा वर्षं रंगाच्या कारखान्यात पुड्या भरल्या होत्या. तो कारखाना कधीच बंद पडला, खोकला तेवढा चालू राहिला.

मिलिंद उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. वय एक्केचाळीस. मोजायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्याचं काम. पुढे पुढे स्वभावही तसाच झाला होता. घरात गॅसचं सिलिंडर किती दिवस चाललं हेसुद्धा तो कॅलेंडरवर लिहून ठेवी. बायको मनाली त्याला म्हणे, “अहो, माझं आयुष्य पण लिहून ठेवा कुठेतरी, किती दिवस पुरलं ते.” तो हसायचा आणि पेनाला टोपण लावायचा.

२

२००६च्या नोव्हेंबरात कॉलेजातल्या श्रीपाद सरांनी त्याला दगडफुलाच्या कामावर घेतलं.

दगडफूल म्हणजे काय हे मसाला करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. काळपट, सुरकुतलेलं, कागदासारखं हलकं. सर त्याला शैवाक म्हणत. बदलापूरच्या पुढे, कुळगावातून टमटमने पाऊण तासावर एक जुनं रान होतं, आणि तिथल्या रायवळ आंब्यांच्या खोडांवर त्याची एक वेगळी जात वाढत होती. राखाडी हिरवी, कडेला झालरीसारखी चुणी. मुळं नाहीत, माती लागत नाही. हवेतून येईल तेवढ्यावरच जगायचं, आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढायचं. हवा बिघडली की आधी हे मरतं, असं सर सांगायचे. ठाण्यापासून इथपर्यंत ते एवढ्याच रानात उरलं होतं.

रान खाजगी मालकीचं होतं. मालकाला झाडं तोडून बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. मे महिन्यात सुनावणी होती आणि तिथे सरांना अहवाल द्यायचा होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे शैवाक रानाबाहेर जगत नाही हे दाखवून द्यायचं, म्हणजे रान तोडता येणार नाही.

त्यासाठी बारा झाडं निवडली. प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला ठोकला, एक ते बारा. प्रत्येकाच्या खोडातून शैवाकासकट सालीची तळहाताएवढी गोल चकती काढली. झाडाच्या जखमेला मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला. चकत्या लाकडी पाट्यांवर मेणाने बसवल्या आणि त्यांवर झाडाचेच नंबर घातले. या बारा पाट्या आता शहरात बारा ठिकाणी टांगायच्या, दर महिन्याला त्यांवर पारदर्शक शीट ठेवून मार्करने कड गिरवायची, आणि मरताना बघायच्या. झाडांवरच्या जखमांभोवतीही तशीच शीट धरायची, तुलनेला.

नऊ नंबरचं झाड सगळ्यांत थोराड होतं. चकती निघताना खोडातून हवा सुटल्यासारखा बारीक आवाज झाला. रानाची राखण करणारा म्हातारा जनू शेजारी उभा होता. तो म्हणाला, “पोकल आसंल आतून. जुना झार हाय.” मिलिंदने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘खोड पोकळ?’ आणि पुढच्या झाडाकडे वळला.

३

पाट्या टांगायला दोन दिवस लागले. एक शाळेच्या कुंपणावर, एक रिक्षा स्टँडच्या पिंपळावर, एक उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या गाळ्याबाहेर. तिथल्या सिंधी मालकाने चष्मा वर करून विचारलं, “साईं, ये क्या लटका रहे हो? नजर का है क्या?” मिलिंद म्हणाला, “हवा का है.” मालकाला ते पटलं.

नऊ नंबरची पाटी अंबरनाथ पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या गेटाजवळच्या कडुलिंबावर टांगायची होती. मिलिंद पोचला तेव्हा कडुलिंब नव्हता. ताजा बुंधा होता आणि त्यावर कोणीतरी बसून भेळ खात होतं. शनिवारची दुपार, सरांचा फोन लागेना. पाटी पिशवीत कोंडून ठेवली तर चकती दोन दिवसांत जाईल. त्याने ती घरी आणली आणि गॅलरीच्या ग्रिलला तारेने बांधली. सोमवारी सरांना सांगू आणि दुसरी जागा शोधू, असं ठरवलं.

गयाबाई गॅलरीतल्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान पुढे करून वास घेतला.

“दगडफूल नव्हं का रे... हे मिलिंदा?” त्यांना दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागे. “एवढंसं... आणलंस. मसाल्याला... काय पुरणार?”

“खायचं नाही ते, आई. कॉलेजचं आहे.”

“कॉलेजात... मसाले पण... शिकवतात काय?” त्या म्हणाल्या, आणि दोन तुटक, एक लांब, हं.

दुसऱ्या दिवशी रविवारी मिलिंदला उशिरा जाग आली. उन्हं खिडकीतून आत आली होती. काहीतरी कमी वाटत होतं, पण काय ते कळायला दोन-तीन मिनिटं गेली. रोज पहाटे खोकल्याने जाग यायची. आज खोकला झालाच नव्हता.

तो उठून बाहेर आला. गयाबाई गॅलरीत बसून शेंगा सोलत होत्या. “उठलास का? मी म्हटलं झोपू दे पोराला, सहा दिवस राबतंय, मनालीला पण उठवलं नाही, चहा मीच केला,” त्या एका दमात म्हणाल्या.

नऊ वर्षांत मिलिंदने आईचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून तो दात घासायला गेला.

सोमवारी त्याने सरांना काही सांगितलं नाही.

४

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो शीट आणि मार्कर घेऊन सगळ्या ठिकाणी फिरला. अकरा चकत्या फिकट पडल्या होत्या. झालर आत वळली होती, रंग राखेवर आला होता. सर म्हणाले होते तसंच.

नऊ नंबरची चकती हिरवीगार होती. त्याने शीट ठेवली, कड गिरवली, आणि ती नोव्हेंबरच्या शीटवर धरली. नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेर चार मिलिमीटर होती. चार मिलिमीटर म्हणजे दीड-दोन वर्षांची वाढ. त्याने दोन्ही शीटा खिडकीच्या काचेवर चिकटवून पुन्हा मोजलं. मग मार्करचं टोक जाड झालंय असं ठरवलं आणि नवा मार्कर आणला. नव्या मार्करनेही चारच आले.

रजिस्टरमध्ये जागेच्या रकान्यात आधीपासून छापलेलं होतं, ‘कारखान्याचं गेट, अंबरनाथ पूर्व’. त्याने ते तसंच ठेवून पुढे लिहिलं, ‘जिवंत. वाढ ४ मिमी’. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोटी नोंद केली. आत आई मनालीला कारखान्यातल्या दिवसांची गंमत सांगून हसत होती. हसून ठसका लागला नाही, याकडेच त्याचं सगळं लक्ष होतं.

५

जानेवारीत डॉक्टरांनी गयाबाईंच्या छातीला बराच वेळ नळी लावली. पुढून, मागून, पुन्हा पुढून. मग कानातून नळी काढून तिच्यावर टिचकी मारून बघितली. “छाती एकदम साफ आहे,” ते म्हणाले. “आवाजच नाही काही.” ही चांगली बातमी म्हणून मिलिंदने येताना पेढे घेतले.

गयाबाईंनी पेढा हातात धरला आणि विसरल्या. त्यांचं खाणं कमी झालं होतं. सकाळी अर्धी भाकरी, कधी तीही नाही. तब्येत मात्र उतरली नव्हती. दिवसभर गॅलरीत बसत. ऊन आलं की म्हणत, “मनाली, जरा पाणी शिंपड गं.” मनाली फरशीवर पाणी शिंपडे, ग्रिलवर शिंपडे, आणि त्या डोळे मिटून घेत.

“अहो, आईंचा हात धरून बघा ना,” मनाली एकदा म्हणाली. “तापबिप नाही, पण गार लागतो. ओला नाही, पण ओलसर. मला टेन्शन येतं.”

“थंडी आहे,” मिलिंद म्हणाला. “खोकला नाही ना? मग झालं.”

विहारात रविवारी बायका ध्यानाला बसत. आत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास, नुसतं त्याच्याकडे बघायचं. खोकल्यामुळे गयाबाई कित्येक वर्षं मागे दाराशी बसत आणि पाच मिनिटांत उठून जात. आता त्या पुढे बसू लागल्या. तासभर हलत नसत. विहाराचं सगळं बघणाऱ्या बनूबाई कौतुकाने घरी आल्या.

“काय बैठक हाय गं तुझ्या सासूची,” त्या मनालीला म्हणाल्या. “मी विचारलं, गयाबाई, श्वास मोजता का तुम्ही? तर म्हणाली, मोजायला बसते, पण सापडत नाही.”

बनूबाई हसल्या. मनालीही हसली. गयाबाई गॅलरीतून म्हणाल्या, “खरंच सापडत नाही. लांब गेल्यासारखा वाटतो.”

मिलिंद पेपर वाचत होता. त्या संध्याकाळी आई मनालीला कुठल्याशा लग्नाची हकिगत सांगत होती, तेव्हा सवयीने त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. सेकंदकाटा एक फेरी फिरला, मग दुसरी. आई बोलतच होती. वऱ्हाड, जेवणावळ, रुसलेला नवरदेव. मध्ये ती एकदाही थांबली नाही. बोलताना माणूस दम घेतो ते दरवेळी ऐकू येतंच असं नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती समजूत चांगली होती. त्याने घड्याळाकडे पाठ करून घेतली.

६

मार्चमध्ये रानात गेल्यावर जनूने त्याला बिडी विझवून विचारलं, “सायेब, त्या नवाच्या झाराखाली कोन म्हातारी बसते?”

“कोण म्हातारी?”

“मना काय म्हाईत. दुपारची खोकते. मी दोनदा गेलू बघाला. कोन नाय.”

मिलिंद म्हणाला, “वानर असेल. वानर खोकल्यासारखंच ओरडतं.” जनूने मान हलवली. साठ वर्षं त्या रानात काढलेल्या माणसाला वानराचा आवाज समजावून सांगितल्याबद्दल मिलिंदला लगेच ओशाळल्यासारखं झालं.

नऊ नंबरच्या आंब्यावर जखमेभोवतीचं शैवाक पांढरं पडलं होतं. नुसतं फिकट नाही. शहरातल्या अकरा चकत्या पडल्या होत्या तसं, चुन्यासारखं पांढरं, बोट लावलं की भुगा. शेजारच्या आठ आणि दहा नंबरच्या झाडांनाही कडेकडेने तोच रंग चढत होता. रानाची हवा होती तशीच होती. ओल्या पाचोळ्याचा वास, वर कुठेतरी हळद्या बोलत होता.

त्याने शीट खोडावर धरली. दोन तुटक ठसके ऐकू आले.

त्याने शीट खाली घेतली. लांब, ओढलेला ठसका खोडातून आला. आतून, छातीच्या उंचीवरून. आणि मग हलकेच, कोणाचं तरी म्हणणं पटल्यासारखा, हं.

मिलिंद झाडाला वळसा घालून आला. मागे कोणी नव्हतं. पोकळ खोडात वारा शिरला की आवाज येतो, हे त्याला माहीत होतं. एकही पान हलत नव्हतं, हेही दिसत होतं. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहायला घेतलं आणि काय लिहावं ते न सुचून ‘खोड पोकळ’ असंच लिहिलं. या वेळी पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

परतताना टमटममध्ये त्याला आधी भीती वाटली, मग तिच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. आईचा खोकला आता जिन्यात नव्हता. जिथे कुठे गेला होता, तिथे तो कोणाला त्रास देत नव्हता. हा विचार आला याची त्याला लाज वाटली, पण तो त्याने झटकूनही टाकला नाही.

७

एप्रिलमध्ये श्रीपाद सरांनी त्याला समोर बसवलं. टेबलावर सगळ्या शीटा पसरल्या होत्या. अकरा ठिकाणच्या रेघा दर महिन्याला आत आत गेल्या होत्या, आणि नऊ नंबरच्या बाहेर बाहेर, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

“मिलिंद, हे मला समजत नाही,” सर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. “शहरातली सगळ्यांत वाईट हवा त्या गेटाजवळची. तिथे हे वाढतं, आणि रानात मूळ झाडावर मरतंय. मी अहवालात काय लिहू?”

“नऊ नंबर सोडून दिला तर, सर?”

“दिसलेलं लिहायचं नाही?” सरांनी चष्मा काढला. “मी हे लिहिलं की पलीकडचा वकील काय म्हणेल माहितेय? म्हणेल, ह्याला रान लागतच नाही, गावात छान जगतं, तोडा झाडं. आणि त्याला खोटं म्हणायला माझ्याकडे काही नाही.” ते थांबले. “म्हणून एकदाच विचारतो. पाटी गेटाजवळच आहे ना? कोणी हलवली नाही?”

एवढंच सांगायचं होतं. सर, ती माझ्या घरी आहे, पहिल्या दिवसापासून. दोन वाक्यं. सरांनी नऊ नंबर खोडून टाकला असता, पाटी परत मागितली असती, आणि रान बहुधा वाचलं असतं. मिलिंदच्या डोळ्यांपुढे जिना आला. पहिलं वळण, आणि वर दम लागून भिंतीला टेकलेली आई.

“तिथेच आहे, सर,” तो म्हणाला.

सरांनी अहवालावर सही केली. सतरा वर्षं त्यांनी मिलिंदच्या नोंदी डोळे मिटून घेतल्या होत्या. या वेळी विचारून घेतली, एवढाच फरक.

८

सुनावणी मे महिन्यातल्या एका गुरुवारी झाली. शुक्रवारी सर प्रयोगशाळेत आले, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, “दिली परवानगी. पावसाच्या आत तोडणार.” मिलिंदला त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी मनाली त्या दिवसापुरती माहेरी गेली होती. गयाबाई गॅलरीत खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. दोन दिवस त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मिलिंद स्टूल ओढून समोर बसला. छातीकडे बघत राहिला. लुगड्याचा पदर हलत नव्हता. त्याने चष्मा काढला आणि त्याची काच आईच्या नाकाशी धरली. मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले, मग दोनशेपर्यंत. काच स्वच्छ होती. तिच्यात त्याला ग्रिल दिसत होतं, आणि ग्रिलवरची पाटी.

त्याने मान वळवली.

चकतीवरची झालर वर उचलली जात होती. सगळी कड, एकाच वेळी, सावकाश. वर आली, थांबली, आणि खाली बसली. समोरच्या बिल्डिंगवरचा वाळत घातलेला टॉवेल स्तब्ध लोंबत होता. कड पुन्हा वर आली. मिलिंदने मोजलं. मिनिटाला चौदा.

“काय बघतोस?” गयाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

“आई, तुला बरं वाटतंय ना?”

“मला काहीच होत नाही,” त्या म्हणाल्या.

बरं वाटतं, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. त्या क्षणी मिलिंदला खोकला हवासा झाला. दोन तुटक, एक लांब, हं. त्यासाठी त्याने काहीही केलं असतं.

काय करायचं ते त्याला कळत होतं. प्रयोगशाळेत जे जिथून काढतात ते तिथे परत ठेवतात. चकती तिच्या झाडावर गेली, की झाडातला खोकला घरी येईल. झाड पडायच्या आत हे व्हायला हवं होतं. हिशोब सरळ होता, निदान त्याला तसा वाटला.

९

रविवारी सकाळी त्याने तार सोडली. गयाबाई बघत होत्या.

“कुठं नेतोस?”

“जिथून आणलं तिथे.”

 मिलिंदने पाटी ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरली. टमटममध्ये शेजारच्या बाईने विचारलं, “बाळ हाय का?” तो नाही म्हणाला, आणि तरी हाताची पकड सैल केली नाही. फडक्यातून काहीतरी लयीत हाताला लागत होतं.

रानाच्या तोंडाशी जनू भेटला. झाडांच्या खोडांवर लाल रंगाने मोठाले आकडे घातले होते. “उद्या सकालला सात वाजता कटर येतीन,” तो म्हणाला. “आज सांजच्याला मानसा येतान, तंबू घालाला. आता कनचा काम हाय तुमचा?”

“एक राहिलंय,” मिलिंद म्हणाला.

रानात कुठलाच पक्षी बोलत नव्हता. खोडं वरपर्यंत पांढरी पडली होती. नऊ नंबरच्या झाडाचा खोकला लांबूनच ऐकू येत होता. आता त्यात जोर नव्हता. दोन तुटक, मग ओढ, आणि ती मध्येच सोडून दिलेली.

त्याने जखमेवरचा वाळलेला लेप नखाने काढला. आत काळोख होता. हात जवळ नेला तेव्हा मनगटाला ऊब लागली. वाऱ्याची नव्हे. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी हात धरला की लागते, तेवढीच. आत, काळोखात, ओलं असं काहीतरी मागे सरकलं. ते नीट बघायला तो थांबला नाही.

त्याने चकती पाटीवरून सोडवली आणि जखमेत बसवली. सहा महिन्यांत ती वाढली होती. बसणार नाही, अशी त्याला धास्ती होती. बोटांनी दाबायचीही गरज पडली नाही. झाडाने ती आत ओढून घेतली. फट दिसेना.

खोकला थांबला.

मिलिंद बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग त्याला एकदम मोकळं वाटलं, आणि तो खाली बसून रडला. झालं ते झालं, आई घरी खोकत असेल. उद्या सरांना सगळं खरं सांगायचं, नोकरी गेली तर गेली. पिशवी उचलताना त्याने पत्र्याचा बिल्ला पाहिला. त्याच्या वरच लाल आकडा होता. तो आकडा तोडणाऱ्यांच्या क्रमाचा होता. १.

१०

अंबरनाथला उतरला तेव्हा साडेसहा वाजले होते. अजून उजेड होता. वाण्याच्या दुकानात नेहमीची गर्दी होती. मिलिंद जिना चढला आणि पहिल्या वळणावर थांबला.

वर काही नव्हतं. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, टीव्हीवर बातम्या लागल्या. तो थांबूनच राहिला. वरून उतरणारा एक शेजारी “काय मिलिंदभाऊ?” म्हणून गेला. आत्ता खोकला येईल. पहिला तुटक, मग दुसरा. बऱ्याच वेळाने तो उरलेल्या पायऱ्या चढला.

मनाली स्वयंपाकघरात होती. “आई दुपारपासून बोलल्या नाहीत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “रागावल्यात का तुमच्यावर?”

गयाबाई गॅलरीत खुर्चीवर होत्या, ग्रिलवरच्या रिकाम्या तारेकडे तोंड करून. हात मांडीवर. मिलिंद त्यांच्यासमोर खाली बसला. पदर हलत नव्हता.

“आई.”

त्यांनी डोळे त्याच्याकडे वळवले. डोळे त्यांचेच होते, आणि त्यांत माया होती.

“मला कुठं ठेवून आलास रे, मिलिंदा?”

 आत भाजी फोडणीला पडल्याचा आवाज झाला. मसाल्याचा वास आला.

“बरं आहे तसं,” गयाबाई म्हणाल्या. सलग, हळू, छाती न हलवता. “गार आहे. पाचोळ्याचा वास येतो. पण खाली माणसं आलीत.”

मिलिंद उठला आणि ग्रिलवरून वाकून खाली बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं.